डबीवरचा आकडा कोण तपासणार?

"ग्रेडेड आहे साहेब" हे दोन-तीन शब्द सध्या आपल्या भागात "हॉलमार्क आहे" अशा थाटात फेकले जातायत. समोरचा माणूस लगेच गप्प बसतो. गप्प बसू नये म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण सवडीने वाचा, कारण यात आपल्याच लोकांचे पैसे अडकलेत.

मागच्या महिन्यात मंगल कार्यालयात जुन्या नाण्यांचं आणि नोटांचं प्रदर्शन होतं. बरेच जण गेला असाल. निम्म्या टेबलांवर कडक पारदर्शक प्लास्टिकच्या सीलबंद डब्या होत्या. आत एक नाणं, वर लेबल, होलोग्राम, बारकोड आणि एक आकडा. एमएस ६२, एमएस ६३, एयू ५५. एका कोपऱ्यात पोरांसाठी पोकेमॉनची कार्डंही तशाच डबीत, त्यावर ९ किंवा १०. पंचम जॉर्जचा रुपया सुटा घेतला तर एक भाव, तोच डबीत असला तर चौपट-पाचपट. चांदी तीच, राजा तोच. जास्तीचे पैसे कशाचे? आकड्याचे.

आपल्या गावातल्या एका निवृत्त एसटी चालकाने अशा दोन डब्यांसाठी एक लाख चाळीस हजार मोजले. नाव लिहीत नाही, त्यांनी विनंती केलीय. घरच्यांना सांगितलंय की एफडी केली. मी विक्रेत्याला विचारलं, हा आकडा बरोबर आहे हे कशावरून? तो हसला. म्हणाला, "अमेरिकेची कंपनी आहे. तिच्यावर आपण कोण बोलणार?"

बोलू की. अमेरिकेत तर तीस वर्षं लोक बोलतायत.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. नाण्यांना ग्रेड देणारी पीसीजीएस ही कंपनी १९८६ची. खेळाडूंच्या कार्डांना ग्रेड देणारी पीएसए ही १९९१ची. दोन्ही एकाच घरातल्या, मालक एक, धंद्याची रीत एक. त्यामुळे "ते कार्डांचं वेगळं, आमचं नाण्यांचं वेगळं" हा बचाव चालणार नाही. कार्डांच्या बाबतीत काय झालं ते जगजाहीर आहे, म्हणून तिकडूनच सुरुवात करतो.

आमच्या वयाच्या लोकांना बिग फन बबलगममधली क्रिकेटपटूंची चित्रं आठवत असतील. कॅनडात असंच प्रकरण बर्फावरच्या हॉकीचं. तिथे हॉकीला आपल्या क्रिकेटची जागा आहे. ओंटारियो प्रांतातल्या लंडन नावाच्या गावात ओ-पी-ची नावाची कंपनी बबलगमच्या पुडीत हॉकीपटूंची कार्डं घालायची. १९७९च्या संचात १८ नंबरचं कार्ड वेन ग्रेट्स्की नावाच्या कोवळ्या पोराचं. पुढे तो हॉकीचा सचिन झाला (सचिन तिकडचा ग्रेट्स्की म्हणा हवं तर) आणि त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याला सोन्याचा भाव आला.

हे कार्ड ग्रेडिंगवाल्यांच्या दृष्टीने अवघड. निळी किनार, जरा घासलं की पांढरं दिसतं. छपाई बहुतेक वेळा मधोमध नाही, एका बाजूला सरकलेली. आणि कापायची पद्धत अशी की कडा खरखरीत, धागे सुटल्यासारख्या. म्हणजे पुडीतून निघालं तेव्हाच ते "परिपूर्ण" नव्हतं. पीएसएने अशा कार्डांपैकी फक्त दोघांना दहापैकी दहा दिले आहेत. त्या दोनांतलं एक डिसेंबर २०२० मध्ये १२ लाख ९० हजार डॉलरला गेलं. मे २०२१ मध्ये दहा गुणांच्याच कार्डाला ३७ लाख ५० हजार डॉलर मिळाले. तेव्हाच्या दराने साधारण २७ कोटी रुपये. नऊ गुणवाली कार्डं बरीच आहेत आणि त्यांची किंमत याच्या जवळपासही नाही.

आता नऊ आणि दहा यांत फरक काय? भिंगाखाली दिसेल न दिसेल एवढा एखादा कोपरा, एखादा ठिपका. तो बघणारा पगारी माणूस, समोर कार्डांची चळत. त्याने दुपारच्या चहाआधी काय लिहिलं आणि चहानंतर काय लिहिलं असतं, यावर कोट्यवधीचा फरक. आपल्याकडे बोर्डाचे पेपर तपासणाऱ्या मास्तरांच्या हातून दोन-पाच मार्क इकडेतिकडे होतात म्हणून पुनर्मूल्यांकन आहे. तिथेही आहे, पण कसं? डबी फोडायची, कार्ड बाहेर काढायचं आणि नवीन असल्यासारखं परत पाठवायचं. आठ आले होते, पुन्हा पाठवलं, नऊ आले. नाही आले तर पुन्हा. कार्डवाले आणि नाणीवाले दोघेही हे उघडपणे करतात, त्यात लपवाछपवी काही नाही. जी मोजणी तीन वेळा केल्यावर दोन वेगळी उत्तरं देते, तिला मोजणी म्हणायचं का?

वजनकाट्यावर एकच पोतं तीन वेळा ठेवलं आणि काटा दर वेळी वेगळा आला तर आपण मापाडीला काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

पण हे झालं प्रामाणिक चुकीचं. खरी मजा पुढे आहे.

पीएसए सुरू झाली तेव्हा तिने पहिला क्रमांक कुठल्या कार्डाला द्यावा? होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचं, १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड. जगातलं सर्वांत प्रसिद्ध कार्ड. १९९१ मध्ये सॉदबीजच्या लिलावात ते ४ लाख ५१ हजार डॉलरला विकलं गेलं. घेणारे दोघे भागीदार: वर सांगितलेला हॉकीपटू ग्रेट्स्की आणि त्याच्या संघाचा मालक ब्रूस मॅकनॉल. (हा मॅकनॉल मुळात नाण्यांचा व्यापारी. पुढे बँकांना फसवल्याबद्दल तुरुंगात गेला.) पीएसएने त्या कार्डाला प्रमाणपत्र क्रमांक एक दिला आणि गुण दिले आठ. ऐंशी वर्षं जुन्या पुठ्ठ्याला आठ! त्या एका डबीने कंपनीचं नाव झालं.

कुजबुज तेव्हापासून होती की कार्डाच्या कडा जास्तच सरळ आहेत, कोपरे जास्तच टोकदार आहेत. ते कार्ड आधी ज्याच्याकडे होतं तो बिल मास्ट्रो पुढे अमेरिकेतला सर्वांत मोठा लिलाववाला झाला. २०१३ मध्ये शिकागोच्या संघीय न्यायालयात त्याने लिलावात खोट्या बोली लावल्याचा गुन्हा कबूल केला आणि त्याच कबुलीत हेही मान्य केलं की वॅग्नरच्या कार्डाच्या कडा आपण कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. कडा कापलेल्या कार्डाला आकड्यातला ग्रेड द्यायचाच नाही, हा ग्रेडिंगचा पहिलीतला नियम. आणि कंपनीचं एक नंबरचं प्रमाणपत्र, आठ गुणांचं, नेमकं कापलेल्या कार्डावर. कबुलीच्या आधी, २००७ मध्ये, ते २८ लाख डॉलरला विकलंही गेलं होतं.

दुकानाच्या बोहनीलाच हे.

"तेव्हा तंत्रज्ञान नव्हतं" असं कोणी म्हणेल. मग २०१९ बघा. घरात बसलेल्या काही हौशी संग्राहकांनी जुन्या लिलावांतले फोटो आणि नव्या लिलावांतले फोटो शेजारी शेजारी लावले. छपाईचा तोच ठिपका, तोच डाग, कार्ड तेच; पण आता कड थोडी आत आलेली, कोपरा चकचकीत, सुरकुती गायब. आणि ग्रेड वाढलेला. एक-दोन नाही, अशी शेकडो कार्डं त्यांनी शोधली. एफबीआयपर्यंत प्रकरण गेलं. भिंग, दिवे, प्रशिक्षित कर्मचारी असलेल्या कंपन्यांना जे दिसलं नाही ते बायको-पोरं झोपल्यावर संगणकासमोर बसलेल्या माणसांना दिसलं. मला यात पत्रकार म्हणून आनंद होतो हे कबूल करतो.

गंमत अशी की ओ-पी-चीच्या त्या हॉकी कार्डांत खरखरीत कड हीच खरेपणाची एक खूण. कड गुळगुळीत दिसली की जाणकार आधी संशय घेतो. आणि बाजार मात्र सुबक कडेला जास्त पैसे देतो. म्हणजे कात्रीला बक्षीस आपणच लावलंय.

आता नाण्यांकडे या. डबीवरचा तो ६३ कुठून आला? ७० पैकी गुण देण्याची ही पट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी काढली. ७० का, १०० का नाही? कारण त्याच्या हिशोबात सर्वांत चांगलं नाणं सर्वांत झिजलेल्याच्या ७० पट किमतीला जायचं. म्हणजे ही पट्टी जन्मालाच आली ती भावातून. पुढे सेंटचे भाव बदलले, हिशोब मोडला, पण आकडा राहिला. त्यातही ६० ते ७० या अकरा पायऱ्या व्यवहारात कधीच न फिरलेल्या नाण्यांच्या आहेत. बाजारात कधी गेलंच नाही अशा कोऱ्या नाण्यातही अकरा प्रकारचं कोरेपण! ६३ आणि ६४ मधला फरक मला दाखवा असं मी त्या प्रदर्शनात तिघांना म्हटलं. तिघांनीही आधी लेबल वाचलं.

आणि हा शेल्डन? तो वारल्यानंतर उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी त्याने उचलली होती आणि त्यांच्या जागी आपली हलकी नाणी ठेवून दिली होती. दर्जा ओळखायची नजर होती, यात शंका नाही.

पैशाची साखळीही समजून घ्या. ग्रेडिंगची फी वस्तूच्या किमतीवर ठरते. कार्ड जितकं महाग, फी तितकी जास्त. ग्रेड चांगला आल्यामुळे किंमत वरच्या गटात गेली तर वरचा फरकही गिऱ्हाइकाकडून घेतला जातो. म्हणजे जो ग्रेड देणार, त्याचीच मिळकत त्या ग्रेडने वाढणार. याचा अर्थ ते मुद्दाम वाढवून देतात असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण अशी रचना बाजार समितीत असती तर आपण मोर्चा काढला असता. कापसाची प्रत ठरवणारा आणि त्या प्रतीवर कमिशन घेणारा एकच माणूस आपण चालवून घेतो का?

त्याहून पुढचं. पीएसएच्या मालक कंपनीने २०२१ मध्ये गोल्डिन नावाचं कार्डांचं लिलावघरच विकत घेतलं. २०२४ मध्ये ते ईबेला विकेपर्यंत परीक्षक आणि दुकानदार एकाच घरात नांदत होते. त्याच २०२४ मध्ये एसजीसी ही प्रतिस्पर्धी ग्रेडिंग कंपनीही त्यांनी घेतली. "एका कंपनीवर विश्वास नसेल तर दुसरीकडे तपासून घ्या" हा सल्ला देताना दुसरी कोणाची आहे तेही विचारत चला.

लॉकडाऊनच्या काळात अमेरिकेत या कार्डांचं वेड इतकं वाढलं की २०२१च्या मार्चमध्ये पीएसएला स्वस्त सेवा बंद कराव्या लागल्या. तीन दिवसांत जितकी कार्डं आली तितकी आधीच्या तीन महिन्यांत आली नव्हती, असं कंपनीनेच सांगितलं. डोंगराएवढा साठा आणि बघणारे डोळे मोजके. अशा घाईत दिलेल्या ९ आणि १० वर आजही व्यवहार होतायत.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करतो. ग्रेडिंग येण्याआधी परिस्थिती याहून वाईट होती. विकणाराच स्वतःच्या मालाला "एकदम कोरा" म्हणायचा आणि घेणारा फसायचा. ग्रेट्स्कीच्या त्या कार्डाच्या बनावट प्रती ढिगाने आहेत, आणि त्या पकडण्याचं काम या कंपन्या बऱ्यापैकी करतात. चूक झाली तर भरपाईची हमीही काही अटींवर देतात. शेकडो मैल लांबच्या माणसाकडून न बघता वस्तू घ्यायची तर कोणीतरी तिसरा हवाच. त्यामुळे "खरं की खोटं" या प्रश्नावर डबीला मी थोडे मार्क देईन. "६३ की ६४" या प्रश्नावर एक रुपयाही देणार नाही. या दोन प्रश्नांची सरमिसळ करूनच हा धंदा चालतो. खरेपणाचा विश्वास आणि आकड्याची किंमत, दोन्ही एकाच डबीत सील.

हॉलमार्कशी तुलना करणाऱ्यांना एवढंच सांगतो. सोन्यात किती सोनं आहे हे मोजता येतं. दहा ठिकाणी तपासा, उत्तर तेच यायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक हॉलमार्क दागिन्यावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी सक्तीचा आहे, मागे बीआयएसचा कायदा उभा आहे, आणि शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई मिळण्याची तरतूद आहे. डबीवरचा ६३ हे एका खासगी कंपनीचं मत आहे. ते मत आहे असं कंपन्याही आपल्या अटींत लिहितात. वाचतं कोण?

आपल्याकडे तर याच्याही पुढची अडचण आहे, आणि त्याबद्दल एकही विक्रेता बोलत नाही. १९७२च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं हे पुरावशेष ठरतं. ते खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पाठवलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. एसटीवाल्या काकांच्या दोन डब्यांतली एक १९११च्या रुपयाची. हा तो प्रसिद्ध "डुक्कर रुपया": राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली. नाणं शंभर वर्षांच्या वरचं. डबी परदेशी. मग ते तिथे गेलं कधी, परत आलं कसं? आधीपासून परदेशात असलेलं नाणं तिथेच डबीत बसून रीतसर आयात झालं असेल, तर कागद असणार. मी कागद मागितले. विक्रेता म्हणाला, "नेटवर नंबर टाका, येतो की नाही बघा." नंबर आला. पण खऱ्या डबीचा नंबर उचलून बनावट डबीवर छापणं हा प्रकार जगभर चालू आहे. नंबर खरा निघाल्याने डबी खरी ठरत नाही.

त्याच टेबलावर शिवराई होत्या. एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्रपति". ही अक्षरं बघितली की आपला हात आपोआप खिशाकडे जातो, हे विकणाऱ्याला माहीत आहे. १६७४च्या राज्याभिषेकापासूनची ही परंपरा. पण शिवराई पुढे पेशवाईतही पडत राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात फिरत होती. दुदांडी शिवराई तर गावोगाव सापडते. म्हणजे प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नाही, आणि झिजलेली साधी शिवराई हजारोंची तर मुळीच नाही. इथे "महाराजांच्या काळातील, सर्टिफाइड" असं कार्ड लावून पाच आकडी किंमत सांगत होते. सर्टिफिकेट कोणाचं? तर विक्रेत्याच्याच फर्मचं, लॅमिनेट केलेलं. महाराजांच्या नावावर हे चालतं आणि एरवी डीपीवर भगवा लावणारे आपण भाव विचारतो.

याच पायरीच्या खाली व्हॉट्सअॅपवाला थर आहे. ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट, ७८६ नंबरची नोट, "लाखो मिळतील, फक्त नोंदणी शुल्क भरा". ४ ऑगस्ट २०२१ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढून सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आपण नाही, आपल्या नावाने कोणी शुल्क, कमिशन किंवा कर मागत असेल तर तो फसवतोय. तरी आपल्या तालुक्यात लोक भरतायत. त्या लिंकवाल्याला आणि डबीवाल्याला मी एका मापाने मोजत नाही. डबीत निदान नाणं असतं. पण दोघांचा पाया एकच: किंमत ठरवणारा कोणीतरी लांबचा मोठा माणूस आहे, आपल्याला कळत नाही, म्हणून विश्वास ठेवा.

प्रदर्शनाच्या आयोजकांना मी लेखी तीन गोष्टी विचारल्या आहेत. प्राचीन वस्तू विकणाऱ्यांकडे परवाना होता का? शंभर वर्षांवरच्या नाण्यांच्या परदेशी डब्यांचे आयात कागद कोणी तपासले? आणि बिलं किती दिली? उत्तर आलेलं नाही. आल्यावर इथेच टाकेन, जसंच्या तसं. नगरपालिकेने दरवर्षी सवलतीत हॉल द्यायचा तर पुढच्या वेळी या अटी परवानगीपत्रात घालाव्यात, एवढी मागणी मी करणार आहे. कोणाला सही करायची असेल तर निरोप द्या.

ज्यांनी आधीच घेतलंय त्यांनी डबी फोडू नका, विकायलाही धावू नका. बिल शोधा. बिलावर नाण्याचं नाव, साल, ग्रेड आणि डबीचा नंबर लिहिलेला नसेल तर विक्रेत्याकडून लिहून घ्या. तो टाळाटाळ करायला लागला की तुम्हाला बरंच काही कळेल. दुसऱ्या, त्या विक्रेत्याशी संबंध नसलेल्या दोन व्यापाऱ्यांकडे फक्त एकच प्रश्न घेऊन जा: "हे तुम्ही माझ्याकडून आज कितीला घ्याल?" ग्रेड सांगू नका, भाव विचारा. काकांना मिळालेला आकडा दोन्ही डब्यांचा मिळून एकतीस हजार होता. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३०, आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करायला वकील लागत नाही.

कमेंटमध्ये विक्रेत्याचं नाव किंवा मोबाइल नंबर टाकू नका, मी काढून टाकीन. डबीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि बिल मला इनबॉक्सला पाठवा. आत्तापर्यंत सात जणांनी पाठवलंय. सातपैकी पाच जणांकडे बिलच नाही.